दहा विजय, दहा पराभव

पिट्सबर्गच्या ओकलंड भागात, विद्यापीठाच्या इमारतींच्या मधे, एक जुनी विटांची भिंत उभी आहे. दरवर्षी १३ ऑक्टोबरला दुपारी तिच्या पायथ्याशी माणसं जमतात. कुणी घरून घडीची खुर्ची आणतं, कुणी नातवाला खांद्यावर घेऊन येतं. १९६० च्या वर्ल्ड सिरीजमधल्या, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेतल्या, सातव्या सामन्याचं रेडिओवरचं धावतं वर्णन तिथे लावतात, आणि ते अशा बेताने लावतात की बिल मॅझरॉस्कीचा मालिका जिंकून देणारा होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) बरोब्बर तीन वाजून छत्तीस मिनिटांनी ऐकू यावा. त्या वर्षी तो त्याच मिनिटाला झाला होता. त्या मालिकेत न्यूयॉर्क यांकीजने सात सामन्यांत मिळून ५५ धावा केल्या आणि आमच्या पिट्सबर्ग पायरेट्सने २७. तरी मालिका पायरेट्सने जिंकली. भिंत त्या वेळच्या फोर्ब्ज फील्डची. मैदान कधीच पाडलं गेलं, एवढी भिंत राहिली.

मला तिथे पहिल्यांदा नेलं ते आमच्या शेजारच्या आजोबांनी. इकडे आजोबांना 'पॅप' म्हणतात, माझी मुलंही त्यांना पॅपच म्हणत मोठी झाली, आणि आता मीही म्हणते. होम रन झाला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. पुढे होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात लागले, १९८६ मध्ये तो बंद पडला, मग निवृत्तीपर्यंत शाळेची बस चालवली. यंदा वर्णन चालू असताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. फलंदाजाचं नाव पुकारलं गेलं तशी त्यांनी माझ्या कोटाची बाही घट्ट धरली. शेवट ठाऊक असतो, शब्द न् शब्द पाठ असतो, आणि तरीही हात घट्ट होतो. लहानपणी सांगलीला वडिलांच्या शेजारी बसून रेडिओवर कसोटी ऐकताना मी हेच पाहिलंय. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या खेळातल्या एका माणसाच्या हाताने मला ते परत दिलं.

आमचा ऑफसीझन त्या दुपारपासून सुरू होतो. पायरेट्सचा हंगाम तर सप्टेंबरअखेरच आटोपलेला असतो. २०२५ मध्ये १६२ पैकी ७१ सामने जिंकले, ९१ हरले. मग फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे फ्लोरिडात ब्रेडन्टनला सरावासाठी पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (तो झेलणारे) हजर होईपर्यंत, मैदान रिकामं आणि तोंडं चालू. या हिवाळी चर्चेला इथे 'हॉट स्टोव्ह' म्हणतात. पूर्वी गावातल्या दुकानात पेटलेल्या शेगडीभोवती बसून माणसं बेसबॉलवर बोलायची, त्यावरून ते नाव पडलं. आमची शेगडी म्हणजे पॅपच्या गॅरेजमधला छोटा हीटर. बर्फ उपसून झालं की फावडी भिंतीला टेकवायची, कॉफी ओतायची आणि सुरू.

यंदाची पहिली बातमी नोव्हेंबरात आली आणि ती आनंदाची होती. आमच्या पॉल स्कीन्सला नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाचा) साय यंग पुरस्कार मिळाला, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम पिचर, आणि तोही एकमताने. २३ वर्षांचा मुलगा. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पायरेट्सने त्याला सगळ्यांत आधी निवडलं, मे २०२४ मध्ये तो पहिला सामना खेळला, त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. यंदा त्याची सरासरी १.९७. म्हणजे नऊ इनिंगचा पूर्ण सामना टाकला तर समोरच्याला दोन धावासुद्धा मिळत नाहीत.

आणि त्याच्या नावापुढे विजय किती? दहा. पराभव किती? दहा.

हा आकडा मी पॅपना वाचून दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय किंवा पराभव पिचरच्या खात्यावर लिहिला जातो. पिचरने कितीही सुंदर टाकलं तरी आपल्या फलंदाजांनी धावाच केल्या नाहीत, तर तो हरतो. आणि आमच्या संघाचे होम रन यंदा अख्ख्या मेजर लीगमध्ये सगळ्यांत कमी. घरात एकटा कमावता मुलगा रात्रंदिवस राबतोय आणि बाकीचं घर बसून आहे, असं ते चित्र. दोष त्या फलंदाजांचाही मी म्हणणार नाही. जे परवडतात ते आणले, ते आपल्या कुवतीने खेळले. प्रश्न आहे तो 'परवडणं' कुणी ठरवलं याचा.

त्याच आठवड्यात स्कीन्स यांकीजकडे जाणार, त्याला तिकडेच जायचंय, अशा वावड्या उठल्या. त्याने स्वतः त्या नाकारल्या. पण या शहराला अशी वावडी ऐकली की पोटात गोळा येतो, कारण इथे ती खरी ठरलेली आहे आणि दर वेळी हिवाळ्यातच. १९९२ च्या ऑक्टोबरात अटलांटामध्ये शेवटच्या इनिंगला अटलांटाचा सिड ब्रीम विजयी धावेसाठी घसरत होम प्लेटला पोचला, डावीकडून आमच्या बॅरी बाँड्सने फेकलेला चेंडू काही इंच उशिरा आला, आणि वर्ल्ड सिरीज हुकली. डिसेंबरात बाँड्स सहा वर्षांसाठी ४ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला सॅन फ्रान्सिस्कोला गेला. त्यानंतर पायरेट्सचे सलग २० हंगाम पराभवाचे. वीस वर्षं! १९९३ मध्ये जन्मलेली मुलं कॉलेजात गेली तरी त्यांनी आपला संघ हरण्यापेक्षा जास्त जिंकलेला पाहिला नव्हता.

मी इथे आले ती २००१ मध्ये. नदीकाठचं पीएनसी पार्क त्याच वर्षी उघडलं. म्हणजे हरण्याच्या अगदी मधोमध मी या संघाच्या प्रेमात पडले. का, ते सांगणं अवघड आहे. उजवीकडच्या बाकावरून नदी दिसते, नदीपलीकडे शहर, आणि संध्याकाळी काचेच्या इमारतींवर ऊन उतरतं, हे एक कारण खरं. २०१३ मध्ये अखेर संघ प्लेऑफला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीला, पोचला तेव्हा सगळं मैदान काळ्या कपड्यांत आलं होतं. प्रेक्षक एका सुरात समोरच्या पिचरचं नाव घेत होते, 'क्वे-टो, क्वे-टो', आणि जॉनी क्वेटोच्या हातून चेंडू निसटून खाली पडला. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारला. मी त्या आवाजात होते. दुसऱ्या दिवशी घसा बसला म्हणून कामावर खुणांनी बोलले.

मग जानेवारी २०१८. दोन दिवसांच्या अंतराने क्लबने पिचर गेरिट कोलला ह्यूस्टनला आणि फलंदाज अँड्र्यू मॅककचनला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. वीस वर्षांचा अंधार संपवणारी माणसं ती. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. मॅककचनचा २२ नंबरचा शर्ट घालून तो शाळेत गेला आणि तसाच आल्यावर पलंगावर झोपून राहिला, जेवलाही नाही. त्याला काय समजावणार? मालकाला अडचण होती म्हणू? मे महिन्यात मॅककचन परक्या संघाचा शर्ट घालून इथे खेळायला आला तेव्हा सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. २०२३ मध्ये तो परत आला, वय झाल्यावर, कमी पैशात. मुलगा तोवर सोळा वर्षांचा झाला होता. शर्ट आखूड झाला होता, तरी त्याने कपाटातून काढून पाहिला.

आता वादाकडे येते. या हिवाळ्यात गॅरेजात, कामावर, भारतीय किराणा दुकानाच्या रांगेत, सगळीकडे एकच वाद आहे: संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा हवी की नको. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांपैकी एकट्या बेसबॉलमध्येच ती नाही. खेळाडूंच्या संघटनेशी झालेला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय, आणि त्यानंतर मालक मैदानांना कुलूप लावतील अशी धास्ती आत्तापासून आहे. आधीचं कुलूप ९९ दिवस होतं, डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२. १९९४ च्या संपात तर वर्ल्ड सिरीजच झाली नाही.

पॅप मर्यादेच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं सरळ आहे. "हेच शहर, हीच नदी. अमेरिकन फुटबॉलमध्ये आपले स्टीलर्स सहा सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदं, जिंकतात, कारण तिथे सगळ्यांना सारखाच खर्च करावा लागतो. इथे लॉस एंजेलिसचे डॉजर्स ओहतानीला ७० कोटी डॉलर देतात आणि त्यातले ६८ कोटी पुढे कधीतरी देणार म्हणतात. न्यूयॉर्कचे मेट्स सोतोला १५ वर्षांचे ७६ कोटी ५० लाख देतात. आपण काय द्यायचं, पिएरोगी?" (पिएरोगी म्हणजे इथे खातात त्या बटाट्याच्या करंज्या.) डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं घेतल्यावर तर पॅपचा आवाज आणखी चढलाय.

आयपीएल पाहणाऱ्याला हे पटकन पटेल. २०२५ च्या लिलावात प्रत्येक संघाच्या हाती १२० कोटी रुपये, ना कमी ना जास्त. त्यात बसवा काय बसवायचं ते. भारतातले भाऊ-वहिनी मला हेच विचारतात, अगं मग तुमच्याकडे तसं का करत नाहीत?

मला हे अर्धंच पटतं, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मी पॅपशी गेली कित्येक वर्षं भांडतेय. मर्यादा हे वरचं टोक झालं. खालच्या टोकाचं काय? फुटबॉलमध्ये कमाल आहे तसं किमानही आहे, आणि त्याच्याही आधी, तिथे टीव्हीचा जवळजवळ सगळा पैसा देशपातळीवर गोळा होऊन सगळ्या क्लबांत सारखा वाटला जातो. बेसबॉलमध्ये प्रत्येक क्लब आपल्या भागातले टीव्हीचे हक्क स्वतः विकतो. डॉजर्सनी २०१३ मध्ये २५ वर्षांचे हक्क ८३५ कोटी डॉलरला विकले. पिट्सबर्गच्या टीव्हीवर तेवढी माणसंच नाहीत. मुळाशी दुखणं हे आहे. ते तसंच ठेवून खेळाडूंच्या पगारावर झाकण बसवलं, तर वाचलेला पैसा जाईल कुठे? मालकाच्या खिशात. पिट्सबर्गच्या मैदानावर तो का यावा?

थोडा पैसा श्रीमंत क्लबांकडून गरीब क्लबांना आजही मिळतो. तो संघ सुधारण्यासाठी वापरायचा असा नियम आहे. २०१८ च्या सुरुवातीला खेळाडूंच्या संघटनेने चार क्लबांविरुद्ध तक्रार केली होती की ते हा पैसा तसा वापरत नाहीत. त्या चारांत पायरेट्स होते. २०२५ अखेरपर्यंत पायरेट्सने कुणालाही दिलेला सगळ्यांत मोठा करार म्हणजे ब्रायन रेनल्ड्सचा, आठ वर्षांचे १० कोटी ६७ लाख ५० हजार. सोतोला तेवढे दोन-सव्वादोन वर्षांत मिळतात. म्हणून माझा क्रम असा: आधी टीव्हीचा पैसा वाटा, मग किमान खर्चाची सक्ती करा, आणि त्यानंतर कमाल मर्यादेचं बोला. तेव्हा मीसुद्धा पॅपच्या बाजूने बसेन.

२०२५ च्या डिसेंबरात क्लबने हालचाल केली हे मान्य करायला हवं. ब्रँडन लाऊसारखा होम रन मारणारा फलंदाज ट्रेडमधून, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीतून, आणला. बातमी वाचून मी खरोखर खुश झाले. पण २०२५ च्या जानेवारीत चाहत्यांच्या मेळाव्यात 'सेल द टीम'च्या, म्हणजे 'संघ विकून टाका'च्या, घोषणा झाल्या, त्या एका फलंदाजाने शांत होणाऱ्या नाहीत.

मला खरी बोच आहे ती वेगळीच. आपला राग नेहमी खेळाडूवर निघतो. १९७९ च्या जानेवारीत डेव्ह पार्करने पायरेट्सशी पाच वर्षांचा करार केला, वर्षाला सरासरी दहा लाख डॉलरचा. एवढा पैसा तोवर कुणालाच मिळालेला नव्हता. त्याच वर्षी पायरेट्सने वर्ल्ड सिरीज जिंकली, त्यानंतर आजवर नाही. आणि पुढच्या हंगामात याच शहरातल्या प्रेक्षकांनी त्याच्यावर बॅटऱ्या फेकल्या. टॉर्चच्या बॅटऱ्या, लोखंडाच्या. तो उजव्या कोपऱ्यात उभा असायचा आणि मागून त्या यायच्या. पॅप तेव्हा स्टेडियममध्ये जायचे. "मी फेकली नाही," ते म्हणाले, "पण फेकणाऱ्याला अडवलंही नाही. कारखान्यातून माणसं कमी करत होते, आणि तो हिऱ्याचं डूल घालून फिरायचा." पार्करनेही चुका केल्या, कोकेन घेतल्याचं त्याने पुढे कोर्टात सांगितलं. पण माणसं कमी करणारा पार्कर नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये त्याची हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयातल्या मानाच्या यादीसाठी, निवड झाली. तेव्हा तो पार्किन्सनने खंगला होता. सोहळा जुलै २०२५ मध्ये होता, आणि जूनअखेर तो गेला. एक महिना आधी. त्याच्या मुलाने व्यासपीठावर उभं राहून बापाची कविता वाचली. पॅपनी ते माझ्याच घरी टीव्हीवर पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

बाँड्सला २०२५ च्या डिसेंबरातही हॉल ऑफ फेमच्या समितीने नाकारलं. पाच मतंही पडली नाहीत. उत्तेजकांचा वाद मला माहीत आहे, तरी माझं मत त्याला आत घ्यावं असं आहे. कूपर्सटाउनला आहे ते संग्रहालय, आणि त्या काळाचा इतिहास त्याच्यावाचून लिहिता येत नाही. पण माझ्याकडे एकच मत असतं, तर ते मी त्याच्याआधी कर्ट फ्लडला दिलं असतं. १९६९ च्या ऑक्टोबरात सेंट लुईसने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्या काळी खेळाडू जन्मभर क्लबचा असे, करार संपला तरी सुटका नाही. फ्लडने २४ डिसेंबरला कमिशनरला पत्र लिहिलं: बारा वर्षं खेळल्यावर मी माझ्या इच्छेविरुद्ध विकली-घेतली जाणारी मालमत्ता आहे असं मला वाटत नाही. लाखभर डॉलरचा पगार त्याने सोडला, खटला सुप्रीम कोर्टापर्यंत नेला, १९७२ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी हरला, आणि त्याची कारकीर्द संपली ती संपलीच. १९७५ च्या २३ डिसेंबरला लवादाने दुसऱ्या दोघा पिचरांच्या बाजूने निकाल दिला आणि करार संपल्यावर हव्या त्या क्लबकडे जाण्याचं दार उघडलं. आज सोतोला जे मिळतं ते त्या दारातून मिळतं. फ्लड अजून हॉल ऑफ फेममध्ये नाही.

स्कीन्सला ते दार २०२९ चा हंगाम संपल्यावर उघडेल. तोवर त्याला जायचं स्वातंत्र्य नाही. २०२५ मध्ये, साय यंगच्या वर्षी, क्लबने त्याला दिलेला पगार दहा लाख डॉलरच्या आतला होता. वर मिळालेला मोठा बोनस सगळ्या क्लबांच्या सामायिक निधीतला. दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की 'लोभी खेळाडू' हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. तो गेला तर मी रडेन. त्याला हुर्यो करणार नाही.

हिवाळ्यातल्या बातम्यांपैकी एक माझ्याकडे कायमची राहिली आहे. २४ नोव्हेंबर २००८, सोमवार. पायरेट्सने रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन मुलांना करारबद्ध केलं. भालाफेक करणारी मुलं, त्या वर्षापर्यंत त्यांनी बेसबॉल हातातही धरला नव्हता. भारतात झालेल्या एका चेंडूफेकीच्या स्पर्धेतून निवडली गेली. कामावर सगळे माझं अभिनंदन करत होते, जणू माझीच भाचरं. पॅप कुंपणापलीकडून ओरडले, "तुझी पोरं आली!" दोन दिवसांनी, बुधवारी, मुंबईवर हल्ला झाला. माझी मावशी गिरगावात. फोन लागत नव्हता. त्या रात्री पॅप आले, काही न बोलता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहिले, पहाटे मावशीचा आवाज ऐकू येईपर्यंत. ती दोन्ही मुलं मेजर लीगपर्यंत पोचली नाहीत. तरी त्यांची नावं आमच्या गॅरेजात अजून निघतात.

परवा, ३१ डिसेंबरला, आम्ही दोघं दरवर्षीसारखे मैदानापाशी गेलो. १९७२ मध्ये त्या रात्री पायरेट्सचा रोबेर्तो क्लेमेंते निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी औषधं आणि अन्न घेऊन पोर्तो रिकोतल्या सॅन हुआनहून निघाला. आधी पाठवलेली मदत तिथल्या सैनिकांनी लुबाडली होती, म्हणून या वेळी स्वतः निघाला. भार जास्त झालेलं जुनं विमान समुद्रात पडलं. तो सापडलाच नाही. त्याचा मित्र, आमचा कॅचर मॅनी सँगिलेन, शोकसभेला गेला नाही. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरून त्याला शोधत होता. क्लेमेंतेच्या कारकिर्दीतले हिट, म्हणजे बेसपर्यंत पोचवणारे फटके, बरोब्बर तीन हजार, शेवटचा सप्टेंबरअखेरचा. हॉल ऑफ फेमसाठी पाच वर्षं थांबण्याचा नियम त्याच्यासाठी बाजूला ठेवला गेला.

पीएनसी पार्कची उजवीकडची भिंत त्याच्या नंबरसाठी २१ फूट उंच बांधलेली आहे. २०२५ च्या वसंतात त्या भिंतीवरचा त्याचा २१ चा फलक एका दारूच्या जाहिरातीखाली झाकला गेला, त्याच्या मुलाने आम्हाला कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं, गावभर संताप उसळला आणि फलक परत आला. मला विचाराल तर मेजर लीगमधला वर्णभेद मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनचा ४२ जसा १९९७ पासून सगळ्या क्लबांनी बाजूला ठेवला, तसा २१ ही ठेवावा. या मतावर पॅपचं आणि माझं कधीच भांडण झालेलं नाही.

मैदानाबाहेरच्या क्लेमेंतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्यात तीन मैदानांची माती ठेवलेली आहे: पोर्तो रिकोतल्या सँतुर्से मैदानाची, फोर्ब्ज फील्डची आणि थ्री रिव्हर्स स्टेडियमची. पॅपना आता खाली वाकता येत नाही. त्यांनी आणलेला पांढऱ्या फुलांचा गुच्छ मी चौथऱ्याशी ठेवला. आमच्या आधी कुणीतरी एक चेंडू ठेवून गेलं होतं, शिवण उसवलेला, गवताने हिरवा झालेला, पुष्कळ खेळलेला. पॅपनी काठीच्या टोकाने तो हळूच मातीच्या कप्प्याजवळ सरकवला, पुलावरून येणाऱ्या वाऱ्याने घरंगळू नये म्हणून. मग आम्ही गाडीकडे चालायला लागलो आणि त्यांनी विचारलं, "एप्रिलची तिकिटं घेतलीस का?"

"घेतली," मी म्हटलं. "स्कीन्स टाकेल त्या दिवसाची."